घाणेरी काढण्याआधी ती कुठे उभी आहे ते पाहा

भोर तालुक्यातल्या डोंगरउतारावरच्या आपल्या पडीक जमिनीतली घाणेरी (टणटणी, इंग्रजीत लँटाना) दर हिवाळ्यात कोयत्याने तोडूनही पुढच्या पावसाळ्यात अधिक दाट फुटते, म्हणून आता जेसीबी लावून सगळा उतार एकदाच मोकळा करावा का, असे तुम्ही विचारले आहे. आमच्या जुन्नरकडच्या जमिनीचीही हीच गत होती, म्हणून सविस्तर लिहितो. मी वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक नाही, आणि माझे म्हणणे सह्याद्रीच्या पूर्वेकडील पानगळीच्या पट्ट्यापुरतेच समजावे. कोकणातल्या रानमोडी या दुसऱ्या आक्रमक झुडपाला ते जसेच्या तसे लागू करू नये.

शोभेचे झुडूप म्हणून १८०९ च्या सुमारास कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आलेली ही अमेरिकी वनस्पती आज भारतातल्या वाघांच्या अधिवासाच्या सुमारे ४० टक्के क्षेत्रात पोहोचली आहे. तरीही ती सरसकट कुठेही माजत नाही. तिला भरपूर ऊन आणि माणसाने, गुरांनी किंवा वणव्याने विस्कटलेली जमीन लागते. त्यामुळे रस्त्याची कड, जुने बांध, सोडून दिलेली शेती, जंगलाची किनार आणि उन्हाळ्यात पाने गाळून जमीन उघडी टाकणारे सागाचे रान या तिच्या आवडत्या जागा आहेत. ऐन, धावडा, मोई यांचे विरळ रान आणि खाली करवंद, तोरण, हेंकळ, धायटी अशी झुडपे असतील, तर मोकळ्या फटींतून ती शिरते. दाट देवराईच्या आत, कायम सावलीत, ती खुरटते. एखादा मोठा वृक्ष कोसळून ऊन खाली आले की तिथे मात्र उठते. पाणी साचणारी जागाही तिला मानवत नाही. कुसळी-पवन्याचे गवत शाबूत असलेल्या आमच्या माळावर ती मुख्यतः एकट्यादुकट्या झाडांखाली दिसते, कारण तिची फळे खाऊन बुलबुल आणि साळुंक्या त्या फांद्यांवर बसतात.

आमचे सर्वांत मोठे नुकसान घाणेरीने केले नाही, एका कार्यालयाने केले. त्याचे नाव लिहीत नाही. वृक्षलागवडीच्या योजनेसाठी जमीन यंत्राने पूर्ण साफ करून ठरावीक अंतरावर खड्डे घेतलेच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. करवंद आणि तोरणाच्या जाळ्या ठेवू द्या, त्यांच्या सावलीत घाणेरीचे रोप तग धरत नाही, हे आम्ही लेखी कळवले होते. पाहणीला आलेल्यांनी त्या जाळ्या ‘निरुपयोगी झुडपे’ या रकान्यात टाकल्या आणि घाणेरीबरोबर उपटायला लावल्या. पुढच्या पावसाळ्यात उकरलेल्या उघड्या मातीत घाणेरीची रोपे गालिच्यासारखी उगवली, लावलेली रोपे त्यांखाली गुदमरली, आणि तक्रार केली तेव्हा देखभाल हा विषय आपल्या टेबलाचा नाही, असे उत्तर मिळाले. जुनी करवंदाची जाळी पुन्हा उभी राहायला किती वर्षे लागतात, हे त्या रकान्यात कुठेच मावत नव्हते. म्हणून माझे मत ठाम आहे: जेसीबी आणू नका.

करवंद, निरगुडी, धायटी अजून तगून आहेत त्या कडेपासून काम सुरू करा आणि एका वर्षी राखता येईल एवढाच पट्टा घ्या. जमिनीलगत तोडल्यास बुंध्यातून पुन्हा फूट येते. त्याऐवजी माती ओली असताना मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर तोडावे आणि झुडूप तिथेच उलटे करून वाळू द्यावे. दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू यांनी रुजवलेली ही पद्धत खर्चिक नाही, पण मेहनतीची आहे. ओल्या मातीला टेकलेली फांदी मूळ धरते, त्यामुळे तोडलेला पाला ओढ्याकाठी ढकलू नका. जाळूही नका, कारण आगीने शेजारची झुडपे जातात आणि घाणेरी बुंध्यातून परत फुटते. मोकळ्या झालेल्या जागी लगेच मारवेल किंवा पवन्याचे बी टाका, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला पक्षी बसतात त्या झाडांखालची रोपे हाताने उपटा. गुरे राखत असाल, तर तोडलेल्या घाणेरीपासून ती दूर ठेवा. चारा नसला की ती खातात आणि यकृत बिघडते.

तुमच्या सातबाऱ्याला लागून वनखात्याची हद्द असेल, तर तिकडचे एक झुडूपही परवानगीशिवाय तोडू नका. आणि शक्य झाल्यास उताराची छायाचित्रे टाका: करवंद नेमके कुठे उरले आहे ते दिसले, तर पहिला पट्टा कोणता घ्यावा हे सांगता येईल.