ग्रामसभेत ठराव मंजूर होतात, पण गावात काम काही होत नाही. आपल्यासारख्या साध्या मतदाराने नेमकं काय करायचं?

ठराव होऊनही काम होत नाही, याचं कारण बऱ्याचदा ठरावाच्या मजकुरातच असतं. "गावातील रस्ते दुरुस्त करण्यात यावेत, सर्वानुमते मंजूर" असं प्रोसिडिंगमध्ये लिहिलं की पुढे कुणालाच काही करावं लागत नाही. रस्ता कुठून कुठपर्यंत, किती मीटर, अंदाजे खर्च किती, कोणत्या निधीतून आणि कोणत्या वर्षाच्या आराखड्यात, एवढं असेल तरच ठराव पुढे सरकतो. सूचक-अनुमोदकांची नावंही लिहून घ्या. शिवाय तो रस्ता ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मध्ये, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, आहे का, हे आधी बघा. नोंद नसेल तर फाईल अडते. आणि रस्ता जिल्हा परिषदेचा असेल, तर तुमचा ठराव म्हणजे फक्त विनंती.

मग वेळ. महाराष्ट्रात कायद्याने आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्या बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. १५ ऑगस्टच्या सभेला गर्दी असते, पण झेंडावंदन, सत्कार आणि भाषणं यातच ती आटोपते. खरी महत्त्वाची २ ऑक्टोबरची. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा त्या सुमारास सुरू होतो आणि नंतर ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर चढतो. आराखड्यात नसलेल्या कामावर वित्त आयोगाचा पैसा, म्हणजे केंद्राकडून पंचायतीला येणारा निधी, सहजासहजी खर्च करता येत नाही. त्यामुळे मे महिन्यात कितीही भांडलात तरी त्या वर्षाचं गणित आधीच ठरलेलं असतं. सप्टेंबरमध्येच मागणीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सभेची नोटीस सात दिवस आधी लागायला हवी. विषयपत्रिकेत तुमचा विषय आला का, ते तेव्हाच कळतं.

गणपूर्तीचा खेळ मात्र नीट समजून घ्या, कारण गावोगाव सगळ्यात जास्त इथेच फसतं. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी, तेवढी माणसं हवीत. ४०० मतदारांच्या गावात ६०, १,२०० मतदारांच्या गावात १००. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही! मग दहा-पंधरा जण बसून सगळं मंजूर करतात आणि ते पूर्णपणे कायदेशीर असतं. कोऱ्या हजेरीपटावर नंतर घरोघरी सह्या गोळा होणं हा याचाच धाकटा भाऊ. म्हणून सही करताना तारीख आणि वेळ घालायची सवय लावा, आणि सभा तहकूब झाली तर पुढची तारीख तिथेच जाहीर करायला लावून त्या दिवशीही माणसं आणा.

बायकांनी महिला सभा सोडू नये. ती नियमित ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते आणि तिथले विषय ग्रामसभेपुढे ठेवावे लागतात. पाणी आणि शौचालयांचे प्रश्न तिथून आले तर टाळणं सरपंचांना जड जातं.

पैशांविषयी हक्काने विचारायचे आकडे थोडेच आहेत. १५व्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१-२२ पासून ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती. ४० टक्के अबंधित होती, पण तिच्यातूनही पगार देता येत नव्हते. घरपट्टी-पाणीपट्टीतून येणारा स्वनिधी वेगळा. त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च व्हायला हवेत. "दिव्यांगांचे ५ टक्के कुठे गेले?" या एका प्रश्नाने जमाखर्चाची वही जेवढी उघडते, तेवढी तासभराच्या आरडाओरड्याने उघडत नाही. अर्थात, पट्टी थकवलेल्या माणसाने हा प्रश्न विचारला तर त्याचं पहिलं उत्तर काय मिळेल ते सांगायला नको.

ठराव झाल्यावर त्याची साक्षांकित प्रत मागा. तोंडी मागून मिळाली नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका. उत्तराची मुदत ३० दिवस. काम सुरू झालं की अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता (अभियंत्याची मंजुरी) आणि मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची वही) या तीन कागदांच्या प्रती मागा. मोजमाप पुस्तिकेत १२० मीटर लिहिलंय आणि जागेवर ९० भरतात, ही तफावत टेप घेऊन गेलेल्या कुणालाही दाखवता येते, आणि ती बिल निघण्याआधी दाखवलेली बरी.

अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या आदिवासी भागात, तिथल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या पेसा कायद्यामुळे चित्र वेगळं आहे. तिथे पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मागता येते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क (गावाचे मिळून जंगलावरचे हक्क) मिळाले, त्यामागे वर्षानुवर्षं स्वतःच्या सभेत निर्णय घेण्याची सवय होती.

सरपंच सभाच बोलावत नसतील, तर आधी गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा, सोबत मागच्या सभांच्या तारखा जोडा. सबळ कारणाशिवाय सभा टाळणाऱ्या सरपंचाला अपात्र ठरवण्याची तरतूद महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ७ मध्येच आहे. तक्रारीत त्या कलमाचा उल्लेख करा.