घरी बांधलेल्या किट कारमध्ये (सुटे भाग जोडून स्वतः बांधलेली गाडी) पाय पेडलपर्यंत नीट पोचत नसतील तर सीट पुढे घ्यावी की पेडलं मागे आणावीत?

तुम्ही लिहिलंय की लोटस सेव्हन या छोट्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीवर गाडी बांधताय, उंची ५ फूट ४ इंच, क्लच पूर्ण दाबायला सीटवरून घसरत पुढे जावं लागतं, आणि पेडलांमध्ये अंतर किती ठेवावं तेही विचारलंय. पेडलं मागे आणा. पूर्ण संच आणा, मास्टर सिलेंडरसकट (पेडल दाबलं की ज्यातून ऑइल पुढे ढकललं जातं ती नळी). उत्तर एवढंच आहे. पण माझी उंची ५ फूट ३ इंच आहे आणि माझे साडभाऊ ६ फूट १ इंच आहेत, त्यामुळे मला इथेच थांबता येणार नाही.

आम्ही दोघांनी मिळून गाडी बांधली ती सासऱ्यांच्या काटोलकडच्या शेतात, बैल विकल्यावर रिकाम्या पडलेल्या गोठ्यात. एक इंची चौकोनी पाइपाची चौकट, मारुती ओम्नीचं ७९६ सीसीचं इंजिन (उभं बसतं आणि मागची चाकं फिरवतं, म्हणून ओम्नी), पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. चौकट साडभाऊंनी बांधली आणि पेडलं स्वतःच्या पायाच्या मापाने ठोकली. मी म्हटलं, माझं काय? तर म्हणे, "तुम्ही सीट सरकवा ना भाऊ, त्यात काय एवढं."

त्यात काय एवढं ते सांगतो. १९५७ च्या मूळ सेव्हनपासून या जातीच्या गाडीत माणूस मागच्या पत्र्याला टेकून बसतो, आणि स्टीयरिंग कॉलम असतो तिथेच राहतो. सीट पुढे घेतली की पाय पोचतात, पण छाती आणि स्टीयरिंगमध्ये जेमतेम वीतभर जागा उरते. क्लच सोडताना माझा डावा गुडघा कॉलमच्या ब्रॅकेटला लागायचा. एअरबॅग नसलेल्या गाडीत असं बसून कुठे आदळलो तर काय होईल, याचा विचार ६ फुटी माणसाला करावाच लागत नाही.

मग त्यांनी तोडगा काढला. ब्रेकचा पुश रॉड (पेडलापासून मास्टर सिलेंडरच्या पिस्टनला ढकलणारी सळई) आट्यांचा होता, त्याची लांबी पक्की धरणारा चेकनट ढिला करून रॉड लांब केला. पेडल झुललं माझ्याकडे. "घ्या, आला ना पाय!" खरंच आला. मला तेव्हा अक्कल नव्हती, मी खूश झालो. चहा पण मीच पाजला.

मे महिना होता. आपल्याकडचा मे सांगायला नको, दुपारी स्टीयरिंगला फडकं गुंडाळून बसलो होतो. बागेमागच्या पडीक जमिनीवर पहिल्या दोन चकरा झकास झाल्या. तिसऱ्या चकरीत गाडी जड वाटायला लागली, चौथीत दुसऱ्या गिअरमध्ये पण ओढेना, आणि मग मधोमध उभीच राहिली. न्यूट्रलमध्ये तिघांनी ढकलली तरी हलेना. पुढच्या डिस्कमधून वास येत होता. साडभाऊंनी पान्याने कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) ऑइल सोडायचा निप्पल सैल केला तर ब्रेक ऑइलची चिळकांडी उडाली आणि ते चाक सुटलं. (तेच ऑइल बॉनेटवर पडलं. तिथला रंग फुगला, तो डाग अजून आहे. ब्रेक ऑइल रंगावर पडलं तर लगेच पाण्याने धुवा.) दुसरं चाक तसंच सोडून सगळे कडुनिंबाखाली जेवायला बसले. तासाभराने उठलो तर तेही चाक आपोआप मोकळं.

आणि मग सासऱ्यांच्या, दोन मेहुण्यांच्या आणि माझ्या बायकोच्या देखत साडभाऊंनी निकाल दिला. "काही बिघाड नाही. भाऊ ब्रेकवर पाय ठेवूनच चालवून राहिले होते. पाय पोचत नाही ना, टेकवून ठेवला."

हे वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात आणि पोळ्याला ऐकतोय.

पुढच्या रविवारी मी एकटाच गेलो. टाकीचं झाकण काढलं आणि हाताने ब्रेक पेडल अगदी हळू दाबलं. चांगल्या मास्टर सिलेंडरमध्ये पेडल हलायला लागताच टाकीतल्या ऑइलवर बारीकसा उमाळा दिसतो, कारण पिस्टनच्या तोंडाशी सुईएवढं भोक असतं आणि ते बंद होईपर्यंत थोडं ऑइल टाकीत परत येतं. माझ्याकडे ऑइल ढिम्म. म्हणजे पेडल सोडलेलं असतानाही पिस्टन त्या भोकाच्या पुढे गेलेला होता. लांब केलेला रॉड त्याला कायमचा ढकलून बसला होता. ब्रेक लागला की ऑइल तापतं, तापलं की फुगतं, फुगलेलं ऑइल त्या भोकातून टाकीत परत जायला हवं, आणि भोकच बंद. मग पॅड डिस्कला घासत राहतात, आणखी तापतात, आणखी फुगतं. थंड झालं की सगळं सुटतं आणि पुरावा गायब. म्हणूनच जेवून उठल्यावर गाडी साळसूद झाली होती.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचा कामाचा भाग हा: पुश रॉडने पेडल जवळ आणू नका. रॉड फक्त मोकळीक ठेवण्यासाठी असतो. पेडल सोडलेलं असताना रॉड आणि पिस्टन यांच्यात साधारण १ मिमी जागा हवी, तेवढी हाताला जाणवते.

नंतर मी पेडलं आणि दोन्ही मास्टर सिलेंडर एकाच ६ मिमीच्या प्लेटवर घेतले आणि ती प्लेट सरकती केली. हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून दर २५ मिमीवर भोकं पाडून घेतली. खाच पाडू नका, भोकंच पाडा. खाचेत बोल्ट फक्त आवळण्याच्या जोरावर धरून असतो आणि जीव खाऊन ब्रेक मारला की प्लेट सरकते. चार बोल्ट, ८ मिमीचे, हाय टेन्साइल. सिलेंडरपासून पुढच्या पाइपापर्यंत होज इतका लांब ठेवा की प्लेट शेवटच्या भोकावर आणली तरी तो ताणला जाणार नाही. आमचा एक्सलेटर वायरचा आहे, त्याचं बाहेरचं आवरणही प्लेटलाच बांधलं, नाहीतर दर वेळी वायर पुन्हा जुळवत बसा.

अंतरांचं विचारलंत. ब्रेक आणि एक्सलेटरच्या कडांमध्ये मी ६० मिमी ठेवलंय, पण मी चपटे बूट घालतो. जाड सोलचे खेळाचे बूट घालून या गाडीत बसूच नका, पाय ठेवायचा बोळ अरुंद असतो, एका पायाखाली दोन पेडलं येतात. ब्रेक एक्सलेटरपेक्षा थोडा वर हवा, पण तो जोरात दाबल्यावर कुठे येतो ते बघून ठरवा, ब्रेकच्या पाइपांतली हवा काढून झाल्यावर. पूर्ण दाबलेल्या ब्रेकलाही गुडघ्यात थोडा वाक राहिला पाहिजे. क्लचचंही तेच.

बूस्टरवाल्या गाडीचं पेडल बूस्टरशिवाय लावत असाल तर त्याचा दांडा मोजा. तिथे पेडलाच्या टेकूपासून पायापर्यंतचं अंतर आणि टेकूपासून रॉडपर्यंतचं अंतर यांचं प्रमाण ३-४ ला १ असतं, बिनबूस्टर ५-६ ला १ लागतं. आणि पेडलावर लाकडी गट्टा बांधणाऱ्यांशी मी बोलत नाही.

एक राहिलंच. प्लेट ज्या पत्र्यावर बसते तो पातळ असेल तर ब्रेक दाबताना पत्राच वाकतो आणि पेडल स्पंजासारखं लागतं. साडभाऊंनी याच कारणाने तीन वेळा हवा काढली होती. एकाने पूर्ण ताकदीने दाबा, दुसऱ्याने समोरून पत्रा बघा.

हे सगळं खाजगी जमिनीवर चालवण्यापुरतं. रस्त्यावर काढायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा आणि "नाही" ऐकायची तयारी ठेवून जा. गाडीच्या मूळ रचनेत फेरबदलाला आडकाठी करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आणि कंपनीच्या मूळ रचनेत फेरबदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये सांगितलंय. इथे तर गाडीला कंपनीच नाही. आणि मी इंजिनिअर नाही, माझं झेरॉक्सचं दुकान आहे. चालवण्याआधी एखाद्या जाणत्या ब्रेकवाल्याला दाखवा.

तो पुश रॉड मी फेकला नाही. त्याच्यावर चेकनटच्या दोन खुणा आहेत, जुनी आणि साडभाऊंनी केलेली. मधलं अंतर १४ मिमी. व्हर्नियरने (बारीक माप घ्यायचं साधन) मोजलंय, आणि यंदा पोळ्याला व्हर्नियर सोबतच नेणार आहे.