दहा बाय दहाच्या खोलीत कोणते स्पीकर?

टाइल्सची फरशी, उघड्या भिंती आणि दहा बाय दहा फूट खोली असेल, तर जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उंच फ्लोअरस्टँडिंग स्पीकरचा मोह सोडा. इथे लांबी-रुंदी सारखीच, त्यामुळे 56 हर्ट्झच्या आसपासचा बेस दोन्ही दिशांनी एकदमच घुमतो. डग्ग्याची मींड पुसली जाते, नुसतं घुं घुं उरतं. पाच इंची वूफरचे (म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या पडद्याचे) छोटे बुकशेल्फ स्पीकर घ्या, शक्यतो बंद पेटीचे. मागे पोर्ट, म्हणजे पेटीला हवेचं भोक, असलाच, तर त्यात फोमचा बोळा घालून ऐका.

आता टाळी वाजवा. झणझण मागे रेंगाळली, तर आधी गालिचा आणि जाड पडदे. महागडा स्पीकरही ती झणझण घालवणार नाही. मग बसल्या जागेवरून पाहत बाजूच्या भिंतीवर कुणाला तरी आरसा सरकवायला सांगा. त्यात स्पीकरचा ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा पडदा) दिसेल तिथे पुस्तकांचं भरलेलं उघडं शेल्फ ठेवा किंवा जाड गोधडी टांगा.