एसएमपीएसचा फॅन वर करावा की खाली?

तुम्ही लिहिलंय की निपाणीत पीसीचं नवीन कॅबिनेट आणलंय, एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या भागांना वीज पुरवणारा डबा, त्यात तळाला बसतो, दुकानदार म्हणाला फॅनचं तोंड वर ठेवा आणि व्हिडिओत सगळे खाली सांगतात, त्यात शेजारी तंबाखूची वखार असल्यामुळं धूळ लई येते, तर नेमकं करायचं काय. मी बेळगावात वडगावला राहतो, आमच्या गल्लीत माग चालतात, सुताची लव घरात कायम उडत असते, त्यामुळं ह्या फॅनशी माझा जुना संबंध आहे.

आधी कॅबिनेट आडवं करून त्याचं बूड बघा. तिथं जाळी आहे, सरकवून काढता येणारा फिल्टर आहे आणि पाय निदान दोन सेंटीमीटर उंच आहेत, तर फॅन खाली, दुसरा विचारच करू नका. बुडाला जाळी नसली, नुसता सपाट पत्रा असला, तर फॅन वर, कारण पत्र्याला तोंड लावून फॅन हवा आणणार कुठनं. आणि एसएमपीएसवर पत्र्याचं झाकण असेल, म्हणजे ज्याला श्राउड म्हणतात ते, तर त्या झाकणाला वरनं भोकं आहेत का तेही बघा, कारण भोकं नसलेल्या झाकणाखाली फॅन वर करून ठेवला की तो त्याच खोक्यातली गरम झालेली हवा पुन्हा पुन्हा ओढत बसतो.

बरेच जण इथं एक गोष्ट उलटी समजतात. एसएमपीएसचा तो मोठा १२० किंवा १४० मिलिमीटरचा फॅन हवा बाहेर टाकत नाही, तो हवा आत ओढतो, आणि ती हवा आतल्या हीटसिंकवरनं, म्हणजे गरमी ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवरनं, जाऊन मागच्या, म्हणजे पिनची वायर लागते त्या बाजूच्या, जाळीतनं बाहेर पडते. फॅन वर करा नाहीतर खाली, बाहेर जायची वाट तीच. म्हणून वर-खाली हा प्रश्नच नव्हे, फॅनच्या तोंडासमोर गार आणि मोकळी हवा कुठल्या बाजूला आहे तेवढंच बघायचं.

दुकानदार चुकीचं सांगत होता असंही मी म्हणत नाही. जुन्या कॅबिनेटात एसएमपीएस वर असायचा, फॅनचं तोंड खाली प्रोसेसरकडं, तो आतली गरम हवा ओढून मागं टाकायचा आणि कॅबिनेटला त्याचा आधार असायचा. त्या सवयीनं पुष्कळ लोक अजून म्हणतात की फॅन आतल्या बाजूला पाहिजे. पण आता मागं आणि वर वेगळे फॅन असतात, ग्राफिक्स कार्ड एसएमपीएसच्या बरोबर डोक्यावर असतं आणि त्याचे फॅनही खालनंच हवा ओढतात, मग झाकण नसलेल्या कॅबिनेटात एसएमपीएसचा फॅन वर केला की दोघं एकाच हवेसाठी ओढाताण करतात आणि एसएमपीएसला कार्डाची गरमी फुकट मिळते. फॅन खाली असला तर तो बाहेरची हवा घेतो, मागं टाकतो, आतल्या भानगडीशी त्याचा संबंधच नाही.

गरम हवा वर जाते म्हणून फॅन वर पाहिजे, हेही ऐकाल. फॅन फिरत असताना त्याच्या जोरापुढं हे वर जाणं काहीच नव्हे. आणि गरमी तरी किती, समजा पीसीचे भाग एसएमपीएसकडनं ३०० वॅट घेतायत आणि एसएमपीएस ९० टक्के एफिशियन्सीचा आहे, म्हणजे भिंतीतनं घेतलेल्या विजेतली ९० टक्के पुढं देतो, तर त्याच्या पोटात साधारण ३३ वॅट उष्णता होते, जुन्या ४० वॅटच्या बल्बपेक्षा कमी. एवढी हवेच्या एका झुळकीनं निघून जाते, पण झुळूक पाहिजे. वाट बंद झाली की तेवढ्याच उष्णतेनं आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून धरणारे भाग, हळूहळू वाळतात, आणि तो बिघाड बाहेरनं दिसतही नाही.

आमच्या घरी झालेलं सांगतो. धाकट्या भावाचा पीसी, त्यावर तो साडीच्या डिझाइनचं काम करतो, फॅन खाली, बुडाला फिल्टर, जोडणी अगदी बरोबर. एप्रिलात दुपारी दोन-तीन वाजता काम चालू असताना फटकन बंद पडायचा, सकाळी परत छान चालायचा. प्रोसेसर बघितला, रॅम काढून घातली, काही नाही. शेवटी उचलून बघतो तर कॅबिनेट सतरंजीवर होतं, पाय सतरंजीत रुतलेले आणि फिल्टरवर लवेचा नुसता नमदा, बोटानं अख्खा सोलून निघाला. फिल्टर धुतला, खाली दोन लाकडी पट्ट्या घातल्या, त्यानंतर एकदाही बंद पडला नाही. फॅनचं तोंड आम्ही फिरवलंच नाही, फक्त त्याच्या समोरची वाट मोकळी केली.

म्हणून तुमच्या वखारीच्या धुळीसाठी माझं मत खालीच, कारण खाली फिल्टर असतो आणि तो काढून झाडता येतो. फॅन वर असला की ती धूळ, आणि कधीतरी हातातनं सुटलेला स्क्रू पण, सरळ एसएमपीएसच्या पोटात जातो. तिथं हात घालता येत नाही, एसएमपीएस घरी उघडूच नका, वायर काढल्यावरही आतला मोठा कपॅसिटर बराच वेळ चार्ज धरून असतो, जिवाशी खेळ होतो. बाहेरनं ब्लोअर मारा, तेही पिन काढून, आणि फॅनचं पातं काडीनं धरून, नाहीतर ते हवेनं भन्नाट फिरतं आणि बेअरिंग खराब होतं.

टेबलाखाली ठेवणार म्हणताय तर फरशीवर थेट नको. शहाबादी फरशी पावसाळ्यात घाम धरते, शिवाय फरशी पुसताना पाणी उडतं. पाटावर ठेवलं तर चालतं, पण पाट बुडाची जाळी झाकत नाही ना, पायांखाली हवा जायला फट राहते ना, ते वाकून बघा. मला दोन आडव्या पट्ट्याच बऱ्या वाटतात, चार बोटं उंच.

जोडून झालं की अगरबत्ती लावून फटीपाशी धरा, थोडं लांबनंच. धूर आत ओढला गेला आणि मागं गरम हवा हाताला लागली की काम झालं. काही एसएमपीएसमध्ये कमी लोडला फॅन थांबूनच असतो, तो बिघडला म्हणून घाबरू नका, एखादा गेम दहा-पंधरा मिनिटं चालवून मग बघा. असल्या एसएमपीएसला फॅन वर असणं थोडं बरं, कारण फॅन थांबलेला असताना गरमी वरनं निघून जाते, पण तुमच्याकडं धूळ आहे, त्यामुळं त्या फायद्याच्या मागं मी लागणार नाही. आणि मागच्या बाजूला भिंतीपासनं एक वीतभर जागा सोडा, तिथं पडदा लोंबत असला तर बांधून ठेवा.