बाळाची पहिली दिवाळी

अगं, आठ महिन्यांचं बाळ आणि वर घरी पाहुणे, म्हणून तू धास्तावली आहेस, ते कळतंय मला. माझी दोन्ही मुलं या वयातून गेली आहेत. सहाही फराळाचे पदार्थ घरीच व्हायला हवेत हा हट्ट आधी सोड. एखादा लाडू आणि चिवडा घरी कर, चकल्या-अनारसे खुशाल विकत आण.

नरक चतुर्दशीला बाळाला पहाटे उठवू नकोस. उजाडल्यावर, त्याचं पोट भरलेलं असताना कोमट पाण्यानं न्हाऊ घाल. सुगंधी उटणं नाजूक कातडीला झोंबतं. नुसतं तेल पुरे.

खाण्याच्या बाबतीत मात्र अजिबात भीड बाळगू नकोस. पंचामृतात मध असतो आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत, बोटाला लावूनसुद्धा नाही. सासूबाईंना आदल्या दिवशीच शांतपणे सांग, ऐन पूजेत नको. चिवड्यातले शेंगदाणे, काजू घशात अडकतात. मोठ्या चार वर्षांच्या लेकीलाही ते अख्खे देऊ नकोस, कूट करून दे.

तिला किल्ल्याच्या मातीत मनसोक्त खेळू दे, अळीव पेरायला लाव. तीन-चार दिवसांत हिरवं उगवतं. त्या वयात याहून मोठा आनंद नाही! फुलबाजी विझली तरी तार तापलेली असते, म्हणून शेजारी पाण्याची बादली हवीच. भाजलंच तर वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं धर. टूथपेस्ट, हळद काही लावू नकोस. चटका मोठा असेल तर तडक डॉक्टरांकडे जा.

आणि दुपारची झोप पाहुण्यांसाठी मोडू नकोस. दार लावून घे.