नोझलची भोकं मोठी केली तर ट्रकची ताकद वाढते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बीएस-४ चा सहा सिलिंडरचा कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून दाबाखाली डिझेल देणारा) ट्रक आहे, भिवंडीहून नाशिकला भरून जाताना कसारा घाटात पूर्वीसारखा ओढत नाही, आणि ओळखीचा मिस्त्री म्हणतोय की नोझलची, म्हणजे इंजेक्टरच्या डिझेल फवारणाऱ्या टोकाची, भोकं मोठी करून देतो, घोडे वाढतील. करावं का?

घोडे वाढतात, पण तुम्ही करू नका. ‘पूर्वीसारखा ओढत नाही’ असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे ताकद होती आणि कुठेतरी गेली. आधी ती शोधा. मी वडाळ्याला पंप-नोझलचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१८० हॉर्सपॉवरचं सहा सिलिंडरचं इंजिन २,४०० आरपीएमला पूर्ण लोडवर असेल, तर एकेक इंजेक्टर सेकंदाला २० वेळा उघडतो. दर वेळी साधारण ७५ ते ८० घन मिलिमीटर डिझेल सोडतो, म्हणजे जेमतेम दीड थेंब. वेळ मिळतो दोन मिलिसेकंदांच्या आसपास. तेवढ्यात त्या दीड थेंबाचा बारीक फवारा होऊन पिस्टनच्या वाटीतल्या तापलेल्या हवेत सगळीकडे पोचला पाहिजे. भोकांचा आकार, संख्या आणि कोन हे सगळं त्या वाटीच्या मापाने ठरवलेलं असतं.

जुन्या गाड्यांत हे काम सरळ होतं. पंप दाब तयार करायचा, नोझलमधली सुई स्प्रिंगने दाबून धरलेली असायची, दाब २००-२५० बारच्या घरात गेला की सुई उचलली जायची. ताकद वाढवायची म्हणजे पंपाचा फुल लोडचा स्क्रू फिरवायचा, फार तर पंपातले डिझेल दाबणारे एलिमेंट मोठे टाकायचे. हायवेवरचा कुठलाही जुना मिस्त्री हे डोळे मिटून करायचा, आणि मागे येणारा काळा धूर बघून मालक खूश व्हायचा. खरं तर तो धूर म्हणजे न जळलेले पैसे.

कॉमन रेलमध्ये दाब आधीच तयार असतो, रेलमध्ये, आणि तोही १,६०० बारपर्यंत किंवा त्याहून जास्त. एवढा दाब असताना सुई बंद राहते कशी? तर तोच दाब सुईच्या डोक्यावर एका छोट्या खोलीतही असतो, आणि डोक्याचं क्षेत्रफळ खालच्यापेक्षा जास्त असल्याने तो सुईला खाली दाबून धरतो. ईसीएमने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) करंट दिला की सोलेनॉइड (विजेवर चालणारं चुंबक) वरचा इवलासा व्हॉल्व उचलतो, त्या खोलीतलं डिझेल रिटर्नला पळतं, डोक्यावरचा दाब पडतो आणि सुई खालून वर ढकलली जाते. करंट बंद झाला की खोली पुन्हा भरते आणि सुई बसते. म्हणजे सोलेनॉइड सुईला हातही लावत नाही, फक्त तिच्या डोक्यावरचं ओझं काढतो. व्हॉल्वची सीट झिजली की काय होतं, तेही यातूनच कळतं: डिझेल सिलिंडरमध्ये जायच्या ऐवजी रिटर्नने टाकीत परत जातं, रेलचा दाब पुरत नाही, सकाळी स्टार्टर जास्त मारावा लागतो आणि चढाला गाडी बसते.

आता तुमच्या मिस्त्रीचा उपाय. ताकद वाढवायचे रस्ते तीन: इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवणं, रेलचा दाब वाढवणं, किंवा भोकं मोठी करणं. पहिले दोन ईसीएमच्या रीमॅपने, म्हणजे त्यातला प्रोग्रॅम बदलून होतात. तिसरा अमेरिकेत पिकअपवाल्यांमध्ये फार चालतो. ५.९ लिटरच्या कमिन्स इंजिनासाठी तिथे ‘इतके घोडे वाढवणारे’ म्हणून तयार इंजेक्टर सेट विकत मिळतात. चांगल्या ठिकाणी ती भोकं ड्रिलने करत नाहीत. घासणारी पेस्ट दाबाने आतून वाहवून ती सारखी मोठी करतात आणि नंतर सहाही नग बेंचवर जुळवून घेतात. शिवाय तिथला गडी सोबत मोठा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा), क्लच आणि एक्झॉस्टच्या तापमानाचं मीटरही बसवतो. हे सगळं केलं तरच त्या घोड्यांना अर्थ आहे.

कारण डिझेल जाळायला हवा लागते. एक किलो डिझेलला हिशोबाने साडेचौदा किलो हवा पुरते, पण मिसळायला वेळच नसल्याने प्रत्यक्षात १८-२० किलोच्या खाली गेलात की धूर सुरू होतो. भोक व्यासाने १० टक्के वाढवलं तर क्षेत्रफळ २१ टक्के वाढतं. टर्बो मात्र तोच. मग जास्तीचं डिझेल अर्धवट जळतं, एक्झॉस्ट तापतो, आणि भरलेल्या गाडीत घाटाच्या लांब चढाला ते तापमान मिनिटामिनिटाला वाढत जातं. रिकाम्या पिकअपला दहा सेकंद पळवणं वेगळं आणि भरलेला ट्रक चढवणं वेगळं. पिस्टन अॅल्युमिनियमचा असतो हे विसरू नका.

दुसरी भानगड बारीक आहे, पण मला तीच जास्त सतावते. कॉमन रेल मुख्य फवाऱ्याआधी एक-दोन घन मिलिमीटरचा छोटा फवारा मारतो, इंजिनाची टकटक कमी व्हावी म्हणून. ईसीएमचा हिशोब मूळ भोकांचा असतो. भोकं वाढवली की हा छोटा फवारा छोटा राहत नाही. आयडलला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन चालू असताना, ते लंगडतं, ठोके येतात.

असा ‘वाढवलेला’ सेट आमच्याकडे बेंचवर आला होता. भिंगाखाली धरला तर एका टोकाची दोन भोकं अंडाकृती, एकाच्या कडेला धातूची खरबरीत धार उभी. फवारा मारला तर काही धारा बारीक, एक सरळ पिचकारी. टोक पुसलं की लगेच पुन्हा ओलं. ती पिचकारी सिलिंडरच्या भिंतीवर बसते, तेलाचा थर धुते आणि डिझेल खाली इंजिन ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. त्या मालकाची तक्रार वेगळीच होती: इंजिन ऑइल ‘आपोआप वाढतंय’.

आता तुमच्या गाडीचं. चढाला धूर कसा येतो ते बघा. काळा येत असेल तर आधी हवेकडे जा: इंटरकूलरचा (टर्बोची हवा गार करणारा) पाइप फाटलाय का, क्लॅम्प ढिला आहे का, एअर फिल्टर, टर्बोचा बूस्ट. धूरच नाही आणि दमही नाही, तर डिझेल कमी पडतंय: फिल्टर, वॉटर सेपरेटर, फीडची लाइन, मग इंजेक्टर. पावसाळ्यात सेपरेटरचं पाणी रोज सोडा. सुईची फट दोन-तीन मायक्रॉनची असते, पाण्याने ती गंजते. आणि हायवेला स्वस्तात मिळणारं ‘बायोडिझेल’ भरत असाल तर दोष तिथेच आहे, पुढचं वाचायची गरज नाही.

इंजेक्टरसाठी सगळ्यात स्वस्त टेस्ट रिटर्नची. जिथे प्रत्येक इंजेक्टरचा रिटर्न वेगळा काढता येतो, तिथे सहा सारख्या बाटल्या लावून आयडलला इंजिन चालवायचं आणि पातळी बघायची. एखादीच बाटली भराभर भरली तर तो नग गेलाय, सहा बदलायची गरज नाही. ज्या इंजिनात रिटर्न हेडमधूनच जातो तिथे हे बाहेरून जमत नाही, नग काढून बेंचवर लावावे लागतात. बसवताना खालचा तांब्याचा वॉशर नवा आणि त्याच जाडीचा हवा, आणि नगावर त्याचं नेमकं माप सांगणारा कोड असेल तर तो ईसीएममध्ये भरून घ्या. कोड न भरता दिलेली गाडी मी अर्धवट काम समजतो.

कायद्याचंही एक: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असे फेरफार चालत नाहीत. पीयूसी आणि इन्शुरन्स क्लेमच्या वेळी ते आडवं येईल.

टेस्ट करताना लीक शोधायला हात फिरवू नका. इंजिन चालू असताना हाय प्रेशरचा पाइप सैल करायचा नाही, बेंचवरही फवाऱ्यासमोर बोट नाही. ही धार कातडीतून आत जाते, बाहेरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि सुरुवातीला दुखतही नाही. तसं झालंच तर मलम लावून घरी जाऊ नका, लगेच सायन किंवा केईएमसारख्या मोठ्या हॉस्पिटलला जा आणि डॉक्टरला स्पष्ट सांगा की आत दाबाने डिझेल गेलंय. उशीर झाला तर बोट कापावं लागू शकतं.