‘डॉक्टर झालेली पोरगी शेवटी फाइली चाळणार का?’

सोलापूरच्या चाटी गल्लीत कापडाचं दुकान असलेल्या एका वडिलांचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणालेत. पत्र लांबलचक आहे, त्यातला राग थोडा गाळून त्यांच्याच शब्दांत देतो:

“मुलगी आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झाली, इंटर्नशिप संपत आली. नीट-पीजीला मार्क असे पडलेत की गायनॅक सहज मिळेल. होटगी रोडला सहा वर्षांपूर्वी मी दोन गाळे घेऊन ठेवलेत, तिच्या हॉस्पिटलसाठीच. आता ती म्हणते पीएसएम, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची ब्रँच, करणार, सरकारी आरोग्य खात्यात जाणार, डीएचओ म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी होणार. तिच्याच बॅचची मुलं सांगतात, ज्याला काही मिळत नाही तो ही ब्रँच घेतो. आपल्या गावचे डॉ. कोटणीस चीनला गेले, पण तेही ऑपरेशनं करायला गेले, फाइली चाळायला नाही. खेड्यावर पोस्टिंग झाल्यापासून हिचं डोकं फिरलंय. सोसायटीची टाकी धुवा म्हणून चेअरमनशी सलग तीन रविवार वाद घातला. जिन्यात लोकांच्या नजरा चुकवाव्या लागतात. तिला चार शब्द समजावा.”

नमस्कार.

कोटणीसांचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, ते सर्जनच. १९३८ ला गेले, १९४२ ला तिथेच वारले, वय अवघं ३२. पण शेवटच्या काळात ते तिथल्याच, बेथून या कॅनेडियन सर्जनच्या नावाच्या रुग्णालयाचे संचालक होते, त्यामुळे फाइली त्यांनाही चुकल्या नसाव्यात. असो. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती टाकीची ओळ. तिच्याकडे शेवटी येतो.

आधी हे काम काय असतं ते आपल्या गावावरूनच बघू. उजनी काठोकाठ भरलेली असली तरी आपल्याकडे नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी. म्हणून घरोघर बॅरल, हौद, जिन्याखाली टाकी. डेंग्यूचा एडिस डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यातून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आपलं बॅरल रिकामं होण्याआधीच वरून नवं पाणी पडतं, तळ कधी कोरडा होतच नाही. आता होटगी रोडच्या गाळ्यातला डॉक्टर काय करेल? प्लेटलेट बघेल, सलाइन लावेल, पेशंट खडखडीत बरा करून घरी पाठवेल. ते करायलाच हवं. पण पेशंट जाणार परत त्याच बॅरलशेजारी झोपायला.

त्या बॅरलपर्यंत पोचणं हे आरोग्य अधिकाऱ्याचं काम. आणि गंमत अशी की त्यातलं काहीच त्याच्या हातात नसतं. व्हॉल्व्ह पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरकडे, रस्त्याकडेचे टायर घनकचरा विभागाकडे, आठवड्यातून एकदा बॅरल घासून कोरडं ठेवायचं ते घरातल्या बाईच्या हातात, आणि ती दिवसभर विड्या वळत असते. पूर्व भागात पत्रक वाटायचं तर ते तेलुगूतही लागतं, हेही त्यालाच सुचावं लागतं. वर नगरसेवकाचा फोन : “डॉक्टर, आमच्या गल्लीत धूर मारा.” धुराने उडणारे डास मरतात, बॅरलमधल्या अळ्या तशाच राहतात. पण धूर दिसतो आणि अळ्या दिसत नाहीत, म्हणून मागणी धुराचीच. यातला एकही माणूस त्याच्या हाताखाली नाही आणि काम सगळ्यांकडून करून घ्यायचं. कारकून आलेली फाइल पुढे सरकवतो. इथे फाइल जन्मालाच यांना घालावी लागते, मग तिच्या मागे चार टेबलं फिरावंही लागतं.

आता शिडी. एमबीबीएसनंतर सुरुवात पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, वैद्यकीय अधिकारी म्हणून, गट-अ. सपाटीच्या भागात एका पीएचसीखाली साधारण ३०,००० लोकसंख्या धरतात. त्यावर तालुका आरोग्य अधिकारी, म्हणजे टीएचओ. आपल्या जिल्ह्यात ११ तालुके. त्यावर मुलगी म्हणते तो डीएचओ. तो बसतो जिल्हा परिषदेत आणि त्याला साहेब दोन : प्रशासनाला सीईओ, तांत्रिक बाबीला पुण्याचे उपसंचालक, ज्यांच्याकडे पुणे, सातारा आणि सोलापूर आहे. त्यापुढे सहसंचालक, संचालक. डीएचओ संवर्गातल्या काही जागा बढतीने भरतात, काही एमपीएससीमार्फत थेट. पात्रतेची नेमकी अट ज्या त्या जाहिरातीतच वाचावी, मित्रांच्या सांगण्यावर जाऊ नये.

सोलापूरकरांचा एक घोळ नेहमी होतो, तोही मिटवून टाकतो. आपल्याला सरकारी डॉक्टर म्हटलं की सिव्हिल आठवतं. पण आपलं सिव्हिल मेडिकल कॉलेजला जोडलेलं, त्यामुळे ते वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. पीएचसी, ग्रामीण रुग्णालयं, डीएचओ हे सगळं सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. मंत्रालयात ही दोन वेगळी खाती आहेत. मुलीने पीएसएममध्ये एमडी केलं तर दोन्हीकडची दारं उघडतात : कॉलेजात शिकवायचं, किंवा खात्यात जायचं. पहिला रस्ता घेऊन वीस वर्षं शिकवलं तर ती उत्तम प्राध्यापक होईल, डीएचओ होणार नाही. हा फरक तिला माहीत आहे का, विचारा. बऱ्याच मुलांना नसतो.

पगाराचं स्पष्ट सांगतो. वैद्यकीय अधिकाऱ्याचं मूळ वेतन ५६,१०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता आणि व्यवसायरोध भत्ता, म्हणजेच खाजगी प्रॅक्टिस बंद. चालत्या प्रसूतिगृहाशी तुलना करू नका, तिथे हे हरेल. आणि जुनी पेन्शन म्हणाल तर नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ती तशी राहिली नाही.

आणि जे तिचे प्राध्यापक बहुधा सांगणार नाहीत ते : सगळ्यात वरच्या खुर्चीवर डॉक्टर नसतो. आरोग्य सेवा आयुक्त आयएएस असतात. संचालक डॉक्टर असतो, पण पैशाची आणि बदल्यांची सूत्रं बरीचशी वर. तामिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचं संचालनालयच वेगळं आहे, त्यांचा सार्वजनिक आरोग्य कायदा १९३९ चा; तिथे या डॉक्टरांचा स्वतःचा संवर्ग आहे आणि त्याला वजन आहे. राज्याराज्यांत असा संवर्ग असावा असं २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातही लिहिलंय. आपल्याकडे गाडी हळू चालते. म्हणून ‘एक दिवस सगळं खातं मी चालवीन’ हे स्वप्न घेऊन कुणी येत असेल तर मी त्याला यूपीएससी दे म्हणतो. ‘एक जिल्हा नीट चालवीन’ म्हणणाऱ्याला मात्र इथे भरपूर जागा आहे.

काही वर्षांपूर्वी आषाढीच्या आधी वाखरीच्या पालखी तळाजवळ मी पाणीवाटपाला होतो. पहाटेचे साडेतीन-चार. टँकर भरायच्या जागी एक टीएचओ बाई रेनकोट घालून उभ्या. प्रत्येक टँकरचं पाणी काचेच्या नळीत घ्यायच्या, ओटी या तपासणीच्या औषधाचा थेंब टाकायच्या, टॉर्चच्या उजेडात धरायच्या. पिवळा रंग आला की क्लोरीन आहे, टँकर पुढे. एका टँकरला रंगच येईना. त्यांनी ड्रायव्हरकडून चावी मागून घेतली, पर्समध्ये टाकली, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कालवून टाकीत ओतायला लावलं आणि म्हणाल्या, आता अर्धा तास. ड्रायव्हर वैतागला, “मॅडम, दिंड्या थांबल्यात, सोडा की!” बाई त्याच टँकरच्या पायरीवर बसल्या. त्यालाही चहा सांगितला. अर्ध्या तासाने परत नळी धरली, लिंबू सरबताएवढा रंग आला, तेव्हा चावी परत. आवाज एकदाही चढला नाही.

माझी आजी सांगायची, त्यांच्या वेळी वारीला जायचं तर कॉलऱ्याची सुई टोचून घ्यावी लागे, आणि तरी कुणी ना कुणी वाटेतच राही. आता लाखो माणसं चंद्रभागेच्या वाळवंटात येतात आणि बहुतेक जण पाय दुखण्यापलीकडे काही न होता परततात. त्या बाईंचा फोटो मी कुठल्या पेपरात पाहिला नाही. तुमच्या मुलीचाही येणार नाही. नातेवाइकांत ‘काय करते?’ विचारलं तर एका वाक्यात सांगता येणार नाही. प्रसूतिगृहाबाहेर पेढे वाटणारे असतात, इथे नसतात. तिला याचं वाईट वाटेल की नाही हे तिलाच माहीत. तुम्हाला मात्र नक्की वाटेल, आणि थोडं दुखणं तेच आहे असा माझा अंदाज.

आता माझी एक चूक. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलाला मी हीच ब्रँच घे म्हणालो, कारण त्याला नाइट ड्यूटी नको होती आणि मलाही ही निवांत ब्रँच वाटायची. तो पुढे टीएचओ झाला. रात्री दोनला फोन : अमुक वाडीत जुलाबाचे पंधरा पेशंट. सकाळी दहाला आढावा बैठक, तिथे लसीकरणाचा टक्का का घसरला. दुपारी माता मृत्यूचं अन्वेषण, म्हणजे बाळंतीण गेलेल्या घरी जाऊन, सासूसमोर बसून, ‘गाडी किती वाजता बोलावली, किती वाजता आली’ विचारायचं. तो मला एकदा म्हणाला, “सर, नाइट ड्यूटीला निदान सकाळ होते.” त्याला मी ‘का घ्यायचीय?’ हे विचारलंच नव्हतं. तेव्हापासून पहिला प्रश्न तोच विचारतो.

तुमच्या मुलीला तोच विचारायचाय. क्लिनिकलची दमछाक नको म्हणून घेत असेल तर सरळ नाही म्हणा. खेड्यात काही पाहिलं म्हणून घेत असेल, तर काय पाहिलं ते तिला कागदावर लिहायला सांगा. ‘लोकांची सेवा’ असं मोघम नको. कुठलं गाव, काय बिघडलेलं, कोणी दुरुस्त करायला हवं होतं, का केलं नाही.

माझा सल्ला असा. सरकारी कॉलेजचं एमबीबीएस म्हणजे एक वर्षाच्या सरकारी सेवेचा बाँड आहेच. ते वर्ष आधी पीएचसीत काढावं. सिव्हिलमध्ये नको, शहराजवळचंही नको. अक्कलकोट, सांगोला, करमाळा, असं कुठेतरी, आणि राहायचंही तिथेच. वर्षभरात तिला आशाताईंच्या मोबदल्याची बिलं, सरपंचाचा हट्ट, लशींचा बंद पडलेला डीप फ्रीझर आणि आढावा बैठकीतली बोलणी सगळं भेटेल. वर्षाअखेर डोळ्यांत अजून तेज असेल तर पीएसएम. उतरलं असेल तर गायनॅक, आणि पीएचसीतली बाळंतपणं तिथेही उपयोगी पडतील. यात एक तोटा खरा आहे : यंदाचा स्कोअर पुढच्या वर्षी चालणार नाही, परीक्षा परत. तो तोटा मान्य करून हे सांगतोय, कारण चुकीच्या ब्रँचची तीन वर्षं जास्त महाग.

तिचं ठरलंच असेल तर चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था, १९३२ पासूनची कोलकात्याची हायजीन अँड पब्लिक हेल्थ संस्था, आणि दिल्लीच्या एनसीडीसीचं, म्हणजे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचं, साथ-शोधाचं प्रशिक्षण ही नावं तिने बघून ठेवावीत. आपल्याला पुण्याचं एनआयव्ही, ती विषाणू संस्था, जवळ आहेच.

लग्नाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण दोन ओळींच्या मधे ते आहे. बदल्या होतात. नवराही सरकारी नोकरीत असेल तर पती-पत्नी एकत्रीकरणात अर्ज करता येतो, नेहमी मिळतंच असं नाही. स्थळ बघताना हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गाळे विकू नका, तूर्त भाड्याने द्या.

आणि आता टाकी. १८९७ ला पुण्यात प्लेग आला तेव्हा रँडसाहेबाकडे कायदाही होता आणि गोरे सोजीरही. लोकांनी काय केलं? रोगी लपवले. आरोग्याच्या कामात हुकूम गाजवून फार काही मिळत नाही, म्हणून तीन रविवार वाद घातला एवढ्याने मला कळत नाही की पोरगी या कामाची आहे का नुसती भांडकुदळ. तिने चेअरमनना सगळ्यांसमोर खडसावलं, का बाटलीत टाकीच्या तळाचं पाणी भरून त्यांच्या टेबलावर ठेवलं? पहिल्या रविवारी एकटी गेली आणि तिसऱ्या रविवारी सोबत चार बायका होत्या का?

एवढं मोठं पत्र लिहिलंत, पण मुख्य गोष्टच राहिली. टाकी धुतली का? आणि खर्च कोणी दिला? तेवढं उलट टपाली कळवा.